ट्रंक चालते, खडू चालत नाही

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललं तसंच ठेवलं आहे. मधल्या घोषणा तेवढ्या गाळल्या आहेत.)

अध्यक्ष आणि दोस्तांनो, जय भीम.

हार, नारळ, आभार हे सगळं झालं असं समजू आणि कामाला लागू.

मला विषय दिलाय ‘गरिबीतून वर आलेली शिक्षिका’. ज्या पोरानं चिठ्ठीवर लिहून आणला त्याचा हेतू चांगला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण या विषयाला वास येतो. दहावीचा निकाल लागला की पेपरात बातम्या येतात ना, ‘मोलकरणीच्या मुलीचं घवघवीत यश’, ‘झोपडीत उजळला दिवा’. फोटोत आई पेढा भरवतेय. वाचणाऱ्याला सकाळचा चहा जरा जास्त गोड लागतो. त्याच्या घरी भांड्याला येणाऱ्या बाईचा पगार त्या दिवशी काही वाढत नाही. ‘वर आली’ म्हणतात. अरे, खाली कुणी ढकललं होतं? आणि वर म्हणजे कुठं? वरचे लोक सरकून जागा देतात का तिला? बातमीत हे नसतं.

म्हणून मी एका बाईची हकीकत सांगते. जाईबाई चौधरी. किती जणांना हे नाव माहीत आहे, हात वर करा. तीन. त्यातले दोघं नागपूरचे दिसतात. ठीक आहे. सावित्रीबाईंचा फोटो आपण हॉलमध्ये लावतो, शेणगोळ्यांची गोष्ट सांगतो, आणि मग आपल्याला वाटतं की शिकवणाऱ्या बाईवर शेण फेकणं १८४८ साली भिडेवाड्यापाशी सुरू झालं आणि तिथंच संपलं. जाईबाई त्यानंतर पाऊणशे वर्षांनी.

१८९२ साली उमरेडला जन्म, नागपूर जिल्ह्यात. महाराचं घर. तिकडचे महार फक्त गावकी करत नव्हते, त्यांच्यातले पुष्कळजण जाडंभरडं कापड विणायचे. मग गिरण्या आल्या. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली. गिरणीचं कापड स्वस्त, हातमाग बसत गेला. ज्यांचे माग बसले त्यांचीच पोरं पुढं त्या गिरण्यांत कामाला लागली, हा आणखी एक वेगळाच इतिहास आहे, त्याच्यात शिरत नाही. सांगायचं एवढंच की आधीच टेकीला आलेल्या माणसांवर १८९६ चा दुष्काळ कोसळला. पुस्तकात लिहितात, ‘पाऊस पडला नाही, लोक गाव सोडून गेले.’ पाऊस तर सगळ्यांच्याच रानावर पडला नव्हता. गाव सोडून कोण गेलं? ज्याला रानच नव्हतं तो. जाईबाईंचं घर उमरेड सोडून नागपूरला आलं तेव्हा पोरगी चार वर्षांची होती.

१९०१ ला लग्न. नऊ वर्षांची. नवऱ्याचं नाव बापूजी चौधरी. चार अक्षरं तिनं कशीबशी मिळवली होती, पुढं शिकायची ओढ होती. पण ओढीनं चूल पेटत नाही. म्हणून ती हमाली करायला लागली. नागपूर आणि कामठी स्टेशनांच्या दरम्यान लोकांचं सामान डोक्यावरून वाहायची. कामठी म्हटल्यावर आपल्याला बाबू हरदास आठवले पाहिजेत. तो ‘जय भीम’ आत्ता आपण एकमेकांना घातला, तो रुळवला कामठीच्या या माणसानं, आणि त्यानं तिथं विडी कामगारांची संघटना बांधली. पण ते पुढचं. जाईबाई ओझी वाहत होती तेव्हा हरदास जन्मले असतील-नसतील.

आता जरा डोळ्यांपुढं आणा. गाडीतून कोण उतरायचं? वकील, मामलेदार, व्यापारी, त्यांची बायकापोरं. सोबत काय? ट्रंक, वळकटी, कापडात बांधलेलं फराळाचं. ही सगळी ट्रंक-वळकटी एका महारणीच्या डोक्यावरून घरी जायची. आत काय असेल? सोवळं असेल, देवाची मूर्ती असेल, पोथी असेल. ती ट्रंकेत, ट्रंक तिच्या डोक्यावर. काही बिघडलं नाही. धर्म बुडाला नाही, पत्र्याची ट्रंक वितळली नाही. हमालाला कोण विचारतो तुझी जात काय म्हणून? ओझं खाली असलेल्या माणसाच्या डोक्यावर असेल तर विटाळ होत नाही. हे शास्त्र कुठल्या ऋषीनं लिहिलं मला माहीत नाही, पण ते मनुस्मृतीपेक्षा काटेकोर पाळलं जातं.

तिथं ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंची तिची ओळख झाली. ग्रेगरीबाईंना या हमाल पोरीत काहीतरी दिसलं. त्यांनी तिला मिशनच्या शाळेत शिक्षिका म्हणून घेतलं. पगार महिना चार रुपये.

चार रुपये. इथंच पेपरवाल्यांची गोष्ट संपली असती. हमाल पोरगी शिक्षिका झाली. फोटो काढा, पेढा भरवा.

पुढं काय झालं ऐका. पालकांना कळलं की नवी बाई महार आहे. त्यांनी ओरड केली, शाळेवर बहिष्कार घातला, पोरं काढून घेतली. जाईबाईंची नोकरी गेली.

मी ग्रेगरीबाईंना दोष देत बसणार नाही. त्यांनी दार उघडलं, ते त्या काळात आपल्या कुठल्या पंडितानं उघडलं होतं? पण दार उघडणाऱ्याच्या हातात शाळेतली पोरं नव्हती. पोरं पालकांच्या हातात होती. ज्याच्या हातात पोरं, त्याच्या हातात शाळा.

आणि आता माझा मुद्दा. आपण नेहमी म्हणतो, आम्हाला शिकू दिलं नाही. खरंच आहे, हजारो वर्षं दिलं नाही. पण शिकण्याच्या पुढं आणखी एक दार आहे, शिकवण्याचं. ते पहिल्यापेक्षा जड आहे. आपला पोरगा शिकला तर वरच्यांना त्रास होतो, पण ते चालवून घेतात. शाळेच्या पायरीवर बसवतील, दुरून पाटी तपासतील, स्कॉलरशिपवरून टोमणे मारतील, पण चालवून घेतील, कारण शिकणारा कितीही शिकला तरी हात पुढं करून बसलेला असतो. देणारे ते, घेणारे आपण. शिकवायला उभं राहिल्यावर हात उलटा होतो. त्यांचं पोर आपल्यापुढं खाली बसतं, आपण उभ्या. आपण ‘चूक’ म्हणतो आणि त्याला खोडावं लागतं. या देशात गुरूची जागा ही नोकरी कधीच नव्हती, ती जातीची गादी होती. तिच्यावर बाईनं बसणं हाच आधी अधर्म, वर ती महाराची बाई. तिच्या डोक्यावर त्यांची ट्रंक चालली. तिच्या हातातला खडू चालला नाही.

दारिद्र्यातून बाहेर पडायला चार रुपये कामाला आले असते. जातीतून बाहेर पडायला ते कामाला आले नाहीत. ही दोन वेगळी खाती आहेत. जो कुणी तुम्हाला सांगेल की आधी गरिबी हटवू, मग जात आपोआप जाईल, त्याला या चार रुपयांचा हिशोब विचारा.

जाईबाई परत स्टेशनवर गेल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. अशा किती परत गेल्या असतील. १९२२ साली त्यांनी स्वतःची शाळा काढली. मुलींची. नाव ठेवलं संत चोखामेळा कन्या शाळा.

नावावर तुमच्यातले काहीजण हसले. हसू नका. आज आपल्याला चोखोबा नको असतो, मलाही त्या पायरीखालच्या भक्तीचा कंटाळा येतो. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली मेलेला माणूस, त्याला मेल्यावरही देवळाच्या बाहेर ठेवला. पण १९२२ म्हणजे १९५६ च्या चौतीस वर्षं आधी. अजून महाडचं तळं पेटलं नव्हतं. ज्या आयांना आपली पोरगी शाळेत पाठवायची म्हणजे काहीतरी भलतंच वाटत होतं, त्यांना धीर द्यायला आपल्या जातीचं एक तरी नाव हवं होतं, आणि ते हे होतं. शिवाय हवा बदलत होती. १९२० साली नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, अध्यक्ष शाहू महाराज, व्यासपीठावर तरुण बाबासाहेब. पण परिषद तीन दिवसांत उठते. शाळा रोज उघडावी लागते. ही दुसरी गोष्ट आपल्या चळवळीला फारशी जमलेली नाही हे इथं सांगून ठेवते, टाळ्या नको.

या शाळेत पोरं काढून घेणारं कोणी नव्हतं. ज्यांच्या पोरी, त्यांचीच बाई. म्हणजे जाईबाईंनी काय केलं बघा. बंद दारावर धडका मारत बसल्या नाहीत, आणि ‘मला घ्या हो’ म्हणून आणखी एका मिशनच्या पायऱ्याही चढल्या नाहीत. दार गेलं खड्ड्यात, त्यांनी घर बांधलं.

बरं, शाळा काढली, बाई मोठी झाली, आता तरी ‘वर’ आली? १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. देशभरातल्या शिकल्यासवरलेल्या, राजघराण्यातल्या, स्त्रियांच्या हक्कावर इंग्रजीत ठराव करणाऱ्या बाया. जाईबाईही होत्या. जेवायची वेळ आली आणि अस्पृश्य बायांची पंगत वेगळी लावली. सभामंडपात भगिनी, पंगतीला महारीण. पण आपल्या बाया जेवून गप घरी गेल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला त्यांनी मोठी सभा घेऊन या वागणुकीचा निषेध केला. आणि साडेचार वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, याच नागपुरात दलित महिलांची स्वतःची परिषद भरली, अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, हजारो बाया, समोर बाबासाहेब. शाळेचंच गणित पुन्हा. पंगतीतून उठवलं, तर स्वतःची पंगत मांडली.

हे सगळं आपल्याला कुठून कळलं? पाठ्यपुस्तकातून नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी वस्त्यावस्त्यांतून फिरल्या, म्हाताऱ्या बायांजवळ बसल्या, आणि १९८९ ला ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आलं. तोपर्यंत आपल्या पुरुष इतिहासकारांना वाटत होतं की आंबेडकरी चळवळीत बाया फक्त पाळणे गात होत्या.

आता नागपूर सोडून जरा सोलापूरकडं या. कारण तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट, बाई शहरात होती, खेड्यात काय? तर शांताबाई कांबळे. जन्म १९२३, सोलापूर जिल्ह्यातलं महूद गाव. महारवाड्यातली पोर. १९४२ ला सोलापूर जिल्ह्यात बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाली. त्या जिल्ह्यातली पहिली दलित शिक्षिका म्हणून तिचं नाव घेतात. १९५२ ला पुण्याला जाऊन ट्रेनिंग केलं, पुढं जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाली, १९८१ ला निवृत्त. मग लिहायला बसली. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. १९८६ ला पुस्तक आलं.

नाव पुन्हा ऐका. ‘माझ्या जन्माची’ नाही. ‘माज्या जल्माची’. चाळीस वर्षं जिनं पोरांच्या वहीत ‘जल्म’ खोडून ‘जन्म’ करून दिला असेल, तिनं स्वतःच्या आयुष्याच्या कपाळावर मात्र महारवाड्याची बोली लिहिली. शाळेच्या मराठीत तिचं आयुष्य मावलं नाही. मी स्वतः शिक्षिका आहे, लाल पेन माझ्याही हातात असतं, मला हे नाव वाचताना दरवेळी थांबायला होतं.

त्या पुस्तकात आणखी एक आहे, जे सभेत सांगताना आपले कार्यकर्ते चटकन पान उलटतात. नवऱ्यानं दुसरी बायको केली. नवरा म्हणजे कुणी अडाणी दारुडा नव्हता, तोही मास्तर होता, आपल्यातलाच शिकलेला. ही उठून माहेरी गेली आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली. म्हणजे खडू हा तिच्यासाठी फक्त सवर्णाच्या विरोधातला नव्हता. घरातही तोच कामाला आला. ज्या बाईच्या हातात स्वतःचा पगार आहे ती निघून जाऊ शकते. आणि परतायचं तर आपल्या अटीवर परतू शकते. मित्रांनो, तुमच्या घरातल्या किती बायांना निघून जाता येईल? मोजा रात्री झोपताना.

तुमच्यासाठी आणखी एक. या शांताबाई म्हणजे अरुण कांबळेंची आई. पँथरचे अरुण कांबळे. पँथर म्हटलं की आपल्याला १९७२ ची मुंबई आठवते, पोस्टरवरचा झेप घेणारा प्राणी आठवतो. तो प्राणी आभाळातून पडला नाही. त्याच्या मागं अशी घरं होती जिथं एका पिढीनं आधी पाटीवर खडू घासला होता, जिथं पगार होता, पुस्तक होतं, आणि पोराला गाई राखायला पाठवण्याची पाळी आली नव्हती. झेपेचा फोटो निघतो, त्या खडूचा कधी निघाला नाही.

तिसरी कुमुद पावडे, आणि ही हकीकत पुन्हा नागपूरची. ही पोटाच्या गरिबीतली गोष्ट नाही, म्हणून थोडक्यात सांगते, पण माझा मुद्दा इथं सगळ्यांत उघडा पडतो. ही पोरगी महार, आणि शिकली काय? संस्कृत. नुसती शिकली नाही, एम.ए.ला वरच्या श्रेणीत आली. लोकांनी कौतुक केलं. बघा, आमचा धर्म किती उदार, अस्पृश्य पोरगी संस्कृत शिकली! सत्कार झाले. म्हणजे पहिलं दार उघडलं. मग ती नोकरी मागायला गेली. संस्कृत शिकवायची नोकरी. आता सगळ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. महाराच्या पोरीच्या तोंडून आमच्या पोरांनी वेदमंत्र शिकायचे? दोन वर्षं ती उंबरे झिजवत होती. मग तिनं जातीबाहेर लग्न केलं, आणि काही महिन्यांत सरकारी कॉलेजात नोकरी मिळाली. ज्ञान तेच, डिग्री तीच. बदललं होतं फक्त आडनाव. सोमकुवरची पावडे झाली. ‘अंतःस्फोट’ मध्ये तिनं स्वतः हे मांडलंय, की नोकरीचं श्रेय कुमुद सोमकुवरला नाही, पावडे या नावाला आहे. जाईबाईंच्या वेळी जात कळल्यावर नोकरी गेली. कुमुदताईंच्या वेळी जात झाकली गेल्यावर नोकरी मिळाली. मध्ये स्वातंत्र्य आलं, संविधान आलं.

तुम्ही म्हणाल, आता तसं राहिलेलं नाही. खरं आहे, जाईबाईंसारखा उघड बहिष्कार कमी झाला. तंत्र बदललं. माझंच सांगते. मी शाळेत लागले त्या पहिल्या वर्षी एक पालकबाई आल्या. गोड बोलल्या. म्हणाल्या, मुलीला ‘ब’ तुकडीत टाकता येईल का? मी विचारलं, का हो? म्हणाल्या, ‘तिकडच्या बाईंचे उच्चार शुद्ध आहेत.’ मी त्यांच्याशी तोवर अर्धा मिनिटही बोलले नव्हते. वर्गात मी पहिला धडाही सुरू केला नव्हता. उच्चार ऐकले कुठं? आडनाव ऐकलं होतं. हेडमास्तरांनी मुलगी ‘ब’ मध्ये टाकली. मला म्हणाले, ‘मनाला लावून घेऊ नका, पालकांचा आग्रह असतो.’ पालकांचा आग्रह! जाईबाईंच्या शाळेतही पालकांचा आग्रहच होता.

आणि जिला माझ्यासारखी कायम नोकरीही नाही, जी तासिका तत्त्वावर आज या कॉलेजात, उद्या त्या, महिन्यामहिन्याचं मानधन थकलेलं, तिनं कुणाकडं जायचं? तिला काढायला बहिष्कारही लागत नाही. पुढच्या वर्षी बोलवत नाहीत, संपलं. कागदावर कुठंही जात लिहिलेली नसते. म्हणून सांगते, आरक्षणाची जागा भरली की नाही यावर मोर्चा काढता तेवढ्यावर थांबू नका. जागा भरल्यावर त्या बाईला कुठली तुकडी दिली, कुठला विषय दिला, स्टाफरूममध्ये तिचा डबा कुणाच्या डब्याशेजारी असतो, हे विचारा. तिच्या बाजूनं एकदा तरी शाळेत जाऊन उभे राहा. पालक आग्रह धरू शकतात, तर तुम्हीही पालक आहात, काका आहात, मामा आहात. आग्रह धरा की आमच्या पोरीला त्याच बाईंच्या वर्गात घाला.

एक काम देते आणि बसते. आपापल्या वस्तीत, आणि सुट्टीत जाल तेव्हा गावात, शोधा की आपल्यातली पहिली शिकवणारी बाई कोण होती. शाळेतली असेल, बालवाडीतली असेल, रात्री कंदिलापाशी बाया जमवून अक्षर गिरवून घेणारी असेल. जिवंत असेल तर तिच्याजवळ बसा. तिला नेमलं कुणी, पगार किती, पोरं कुणी काढून घेतली, पाणी कुणी दिलं, घरचा माणूस काय म्हणाला, सगळं विचारा. तिच्या बोलीत लिहून घ्या, शुद्धलेखन करत बसू नका. ‘जल्म’ म्हणाली तर ‘जल्म’च लिहा. संपादक म्हणालेत, पुढच्या अंकात पानं मोकळी ठेवतो.

आता प्रश्न विचारा. थांबा, एक मिनिट. मागं स्वयंपाकाला ज्या चौघी आहेत त्यांनाही बोलवा. भाकऱ्या नंतर होतील, नाहीतर तुमच्यातले चौघं उठा आणि थापा. त्या आल्या की सुरू करू.